मोकळ्या मैदानावर गाण्याचा कार्यक्रम करताय? ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा

दिवाळी आटोपली की नागपुरात मैदानांचा मोसम सुरू होतो. पाऊस गेलेला असतो, ऊन मवाळलेलं असतं, संध्याकाळी शाल अंगावर घ्यावी इतपत गारवा असतो. रेशीमबाग, कस्तुरचंद पार्क, कॉलेजांची मैदानं, कॉलन्यांच्या मोकळ्या जागा, जिथे पाहाल तिथे स्टेज उभं राहतं. त्यातलं एखादं स्टेज यंदा तुम्ही पहिल्यांदाच उभारणार असाल, दीड-दोन हजार लोक येतील असा अंदाज असेल आणि मागे घाण, धूर, कचरा ठेवून जायचा नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

पर्यावरणपूरक कार्यक्रम म्हटलं की डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात. गेटजवळ ठेवलेला हिरवा-निळा डबा, आणि उद्घाटनाला पाहुण्यांच्या हातात दिलेलं रोपटं. दोन्ही वाईट नाहीत, पण त्यांनी फारसं काही हलत नाही. खरा निकाल महिना-दीड महिना आधीच लागलेला असतो. बिछायतवाला (मंडप, खुर्च्या, भांडी भाड्याने देणारा), साऊंडवाला, जनरेटरवाला आणि केटरर यांच्या हातावर ॲडव्हान्स ठेवता त्या क्षणी. पैसे गेल्यावर "भाऊ, प्लॅस्टिकचे ग्लास नको होते" म्हणाल तर तो म्हणेल, "आता माल उचलला जी, पुढच्या वर्षी पाहू." म्हणून इथल्या पायऱ्या कार्यक्रमाच्या क्रमाने लावलेल्या नाहीत, तुमच्या खिशातून पैसे निघतात त्या क्रमाने लावल्या आहेत.

पहिली पायरी : कशाचा भार किती, हे कागदावर मांडा

धरून चाला की दोन हजार लोक आले. त्यातले साडेसातशे अडीचशे कारमधून, बाराशे सहाशे दुचाक्यांवरून आणि उरलेले पायी. येऊन-जाऊन सरासरी १२ किलोमीटर. कारला लिटरमागे १५ आणि दुचाकीला ४५ किलोमीटर धरले, तर कारचं पेट्रोल २०० लिटर आणि दुचाक्यांचं १६० लिटर. लिटरभर पेट्रोल जळालं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे सव्वाआठशे किलोच्या आसपास.

आता जनरेटर. तासाला १० लिटर डिझेल, सात तास, म्हणजे ७० लिटर. डिझेलचा आकडा लिटरमागे २.७ किलोच्या जवळ आहे. झाले १९० किलो.

मैदानात उभं राहिलं की डोळ्यांत खुपतो तो जनरेटरचा धूर. बाहेर लागलेल्या गाड्यांनी त्याच्या चौपट भार टाकलाय, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणखी एक ओळ जोडा. मुंबईहून आठ जणांचा बँड विमानाने बोलावला, तर माणशी एका बाजूला ढोबळ ७० ते १०० किलो. जाऊन-येऊन आठ जणांचे अकराशे ते सोळाशे. दोन हजार प्रेक्षकांपेक्षा आठ कलाकार जड झाले! हे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमचे तुम्ही टाका. पण पलटवून पाहिले तरी क्रम सहसा तोच राहतो: आधी प्रवास, मग वीज, मग बाकीचं. कचरा या यादीत खाली येतो, पण त्याचं नुकसान वेगळ्या जातीचं आहे. तो नाल्यात जातो, गाईच्या पोटात जातो. त्याच्याकडे पुढे वळू.

दुसरी पायरी : मैदान आणि संपण्याची वेळ

मैदान ठरवताना लोक आकार आणि भाडं पाहतात. तुम्ही आधी मेट्रोचा नकाशा पाहा. ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत, ॲक्वा लाइन प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत, आणि दोन्ही सीताबर्डीला भेटतात. कस्तुरचंद पार्कला तर त्याच नावाचं स्टेशन आहे. स्टेशनपासून दहा-बारा मिनिटं पायी जाता येईल अशी जागा मिळाली, तर अर्धं काम तिथेच झालं. भाडं थोडं जास्त पडलं तरी पार्किंगला लागणारी जागा, माणसं आणि दोऱ्या वाचतात, हेही हिशेबात धरा.

मात्र मेट्रोची शेवटची गाडी रात्री दहाच्या सुमारास असते, आणि कायद्याने लाऊडस्पीकरही दहाला बंद करायचा असतो. नवखे आयोजक कार्यक्रम दहाला एक मिनिट कमी असताना संपवतात आणि मग लोक मेट्रोने आले नाहीत म्हणून नाराज होतात. अहो, येतील कसे, परत जायचं कसं? शेवटचं गाणं सव्वानऊला संपेल असा कार्यक्रम आखा, म्हणजे सहाला सुरुवात. आपल्याकडे सहा म्हणजे साडेसात असं समजण्याची पद्धत आहे, तर पत्रिकेवर "६ वाजता पहिलं गाणं" असं छापा आणि खरंच सहाला वाजवा. पहिल्या वर्षी खुर्च्या रिकाम्या दिसतील. पुढच्या वर्षी नाही दिसणार. शेवटच्या गाडीची नक्की वेळ कार्यक्रमाच्या आठवड्यात तपासून स्टेजवरून दोनदा सांगा.

तिकीट किंवा पास असेल तर त्यावर गेट नंबरच्या आधी स्टेशनचं नाव छापा. पार्किंग फुकट ठेवू नका. तीन-चार जण बसलेल्या गाडीला सूट द्या, एकट्याने आलेल्या कारला पूर्ण दर. स्टेशनपासून गेटपर्यंत रस्ता अंधारा असेल तर तिथे दिवे आणि दोन स्वयंसेवक उभे करा. घरच्या बाया-माणसांना रात्री त्या रस्त्याने चालायला सुरक्षित वाटलं नाही, तर मेट्रोचा सगळा बेत पाण्यात गेला.

विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी होते. त्यातले बहुसंख्य रेल्वेने, एसटीने आणि मग पायी येतात. माणशी, किलोमीटरमागे प्रवासाचा भार पाहिला तर श्रीमंत कॉलनीतल्या पाचशे माणसांच्या संगीतसंध्येपेक्षा तो कितीतरी हलका भरेल. हे मॉडेल शोधायला परदेशात जायची गरज नाही.

तिसरी पायरी : कलाकाराशी बोलणं

मानधनावर बोलणी चालू असतानाच प्रवासाचं बोला. मुंबईहून येणाऱ्यांसाठी दुरांतो, विदर्भ, सेवाग्राम या रात्रीच्या गाड्या आहेत, दुपारी किंवा संध्याकाळी बसलं की सकाळी नागपूर. मुख्य गायकाला विमानच हवं असेल तर वाद घालू नका, पण साथीदार आणि तंत्रज्ञ रेल्वेने येतील एवढं तरी ठरवा. तबला, हार्मोनियम, ड्रम किट, अँप हे सगळं नागपुरात भाड्याने मिळतं. कलाकाराकडून वाद्यांची आणि साऊंडची यादी आधी मागवून इथल्या साऊंडवाल्याला दाखवा. मुंबईहून टेम्पो भरून सामान आणायची वेळ बहुतेकदा यादी उशिरा आल्यामुळे येते.

आणि एकच कलाकार फक्त तुमच्या एका संध्येसाठी इतका दूर येत असेल, तर अमरावती, वर्धा, चंद्रपूरच्या मंडळांना फोन लावून पाहा. एका फेरीत तीन कार्यक्रम झाले, तर खर्चही वाटला जातो आणि भारही.

चौथी पायरी : वीज

जनरेटरवाल्याला विचारलं की तो म्हणतो, "टेन्शन नका घेऊ, एकशे पंचवीसचा टाकून देतो." त्याला मशीन खपवायचं असतं आणि तुम्हाला कार्यक्रमात दिवे जायची भीती असते, म्हणून दोघंही खूश. पण १२५ केव्हीएचा जनरेटर साधारण १०० किलोवॅट देऊ शकतो. तुमची गरज २५ असेल तर तो रात्रभर पाव भारावर घुरघुरत राहतो. डिझेल इंजिन इतक्या कमी भारावर नीट तापत नाही, इंधन पुरतं जळत नाही, युनिटमागे डिझेल जास्त खातं आणि काळा धूर सोडतं. मोठा जनरेटर म्हणजे जास्त सुरक्षित, हा गैरसमज आहे.

म्हणून ॲडव्हान्सच्या आधी लोडची यादी करा. साऊंडवाल्याकडून, लाइटवाल्याकडून आणि प्रत्येक स्टॉलकडून वॅट लिहून घ्या. जुन्या पार कॅनचा एकेक दिवा हजार वॅटचा असतो; एलईडी पार दीड-दोनशे वॅटमध्ये काम करतो. चोवीस दिव्यांचा फरक काढून पाहा: २४ किलोवॅटच्या जागी पाच. लाइटवाल्याला ऑर्डर देताना "सगळे एलईडी" हे दोन शब्द लिहून घेतले, की जनरेटर आपोआप एक नंबर लहान होतो. पूर्ण एलईडी असलेल्या दोन हजारांच्या कार्यक्रमाची बेरीज बहुधा २५-३० किलोवॅटमध्ये बसते, त्याला ६२.५ केव्हीए पुरे. स्टेजमागची मोठी एलईडी वॉल खरंच हवी का, हेही एकदा स्वतःला विचारा. दोन हजारांत शेवटच्या रांगेतल्यालाही गायक दिसतो. वॉलवर बहुतेक वेळ प्रायोजकांचे लोगो फिरत असतात.

दुसरा मार्ग महावितरणची तात्पुरती जोडणी. अर्ज लवकर करा, ऐन आठवड्यात धावाधाव केली तर पुन्हा जनरेटरच गळ्यात पडतो. जोडणी घ्या आणि जनरेटर फक्त राखीव ठेवा. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्या तारेतली वीजही काही आकाशातून येत नाही. कोराडी आणि खापरखेड्याला कोळसा जळतो तेव्हा ती येते. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात आणि नीट भारावर चालणाऱ्या डिझेल जनरेटरला ०.८. फार फरक नाही. जोडणी घ्यायची ती मैदानातला धूर आणि घरघर टाळायला. कार्बन कमी करायचा असेल तर एकच उपाय, युनिट कमी जाळा.

स्टॉलच्या रांगेसाठी एक सोपी गोष्ट. ९ वॅटचे वीस बल्ब म्हणजे १८० वॅट, सहा तासांत एक युनिटच्या थोडं वर. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची भरलेली बॅटरी एवढं काम करते. त्या रांगेकडे केबल ओढायची गरजच नाही.

पाचवी पायरी : आवाज

ध्वनिप्रदूषण नियम २००० पासून लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस सरकारी यंत्रणा ठरवते आणि त्यातले बरेचसे सणावारात संपतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५. मैदानाच्या हद्दीवर तुमचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलच्या वर जायला नको, आणि कुठल्याही परिस्थितीत ७५ च्या वर नाही. म्हणजे कॉलनीच्या मैदानाच्या कुंपणाशी ६५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. धंतोलीसारख्या दवाखान्यांनी भरलेल्या भागात मैदान शोधण्याआधी हे अंतर मोजा.

साऊंडवाला पॉवर वाढवायला सांगेल. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तीनच डेसिबल. दोन मोठ्या भिंती उभ्या करून मागच्या रांगेपर्यंत फेकण्यापेक्षा समोर मध्यम संच आणि मैदानाच्या मध्यावर दोन छोटे डिले स्पीकर (मागच्या रांगांसाठी आवाज किंचित उशिरा सोडणारे) लावायला सांगा. पुढच्यांचे कान बधिर होत नाहीत, मागच्यांना शब्द कळतात आणि कुंपणापलीकडे कमी जातं. स्पीकरची तोंडं किंचित खाली, वस्तीच्या उलट दिशेला.

हिवाळ्यातली एक खुबी इथल्यांनीही लक्षात ठेवावी. सूर्य मावळला की नागपूरची जमीन झपाट्याने थंड होते, वरची हवा मात्र उबदार राहते. त्या थरामुळे वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि लांबपर्यंत जातो. पाचला घेतलेल्या साऊंडचेकला कुंपणाशी ठीक वाटलेला बास नऊ वाजता दोन गल्ल्या पलीकडे खिडक्या थरथरवतो. म्हणून मोजणी कार्यक्रम चालू असताना करा, दर तासाला, एका स्वयंसेवकाला मीटर देऊन. मोबाइलचं ॲप चार-पाच डेसिबलने चुकू शकतं, पण वाढ-घट कळायला पुरेसं आहे. त्या स्वयंसेवकाचा फोन आला की बास कमी करायचा, हे साऊंडवाल्याच्या ऑर्डरवर लिहिलेलं असू द्या.

सहावी पायरी : बिछायत आणि सजावट

इथे तीन गोष्टींना नकार द्यायचा, बाकी बिछायत केंद्राकडे जे आहे ते पुन्हापुन्हा वापरलं जाणारंच असतं. कनाती, सतरंज्या, खुर्च्या, लोखंडी स्टेज वर्षानुवर्षं फिरतात.

पहिला नकार एकदाच अंथरून फेकायच्या पातळ मॅटला. ती प्लॅस्टिकच्या धाग्यांची असते, कार्यक्रमानंतर कुणी गुंडाळत नाही, तिच्या चिंध्या मैदानात राहतात. सतरंजी मागा. धूळ उडू नये म्हणून दुपारी आणि संध्याकाळी हलकं पाणी मारा, पिण्याचं नको.

दुसरा नकार फ्लेक्सला. कापडी बॅनर शिवून किंवा रंगवून घ्या आणि त्यावर साल, तारीख, "वर्ष पहिले" असलं काही घालू नका. तारखेची वेगळी छोटी पट्टी करा. नाव तेवढंच असेल तर बॅनर पुढची पाच वर्षं चालतो. प्रायोजक फ्लेक्सचा आग्रह धरेल. त्याला कापडावर मोठं नाव द्या, तेही चौकातल्या सहा फ्लेक्सऐवजी स्टेजवर.

तिसरा नकार थर्माकोल, चमकीचे पेपर ब्लास्ट आणि फुगे यांना. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासूनच बंदी आहे. चमकीच्या कागदाचे तुकडे नखाएवढे असतात, गवतातून निघतच नाहीत.

गेट आणि स्टेजची मागची बाजू बांबूची करता येते. अरुणाचलातल्या झिरो महोत्सवात स्टेजच बांबूचं असतं, आणि बांबू तर आपल्या गडचिरोली-चंद्रपूरचा माल. बुरडांकडून ताटवे घ्या, सुतळीने बांधा, केबल टाय नकोत. सोडवून पुन्हा वापरता येतं. खांब रोवायला जमीन खणावी लागत असेल तर परवानगी विचारा. कस्तुरचंद पार्कात काही वर्षांपूर्वी खोदकामात चक्क जुन्या तोफा निघाल्या होत्या.

सातवी पायरी : तर्रीचा प्रश्न

खाण्याच्या स्टॉलवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण कचऱ्याचा डोंगर इथूनच उठतो.

१ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे, स्ट्रॉ यांवर बंदी आहे. महाराष्ट्रात पहिल्या वेळेस ५ हजार दंड, दुसऱ्यांदा १० हजार. त्यामुळे स्टॉलवाले आता "कागदी" प्लेट दाखवतात. ती हातात घ्या आणि कडेने हळूच फाडा. कागद फाटतो, पण आतल्या बाजूने एक पातळ पारदर्शक पापुद्रा ताणला जातो, लांबतो आणि मग तुटतो. ते प्लॅस्टिक. चंदेरी द्रोणाचंही तेच. शंका असेल तर तुकडा रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, सकाळी कागदाचा लगदा झालेला असतो आणि पापुद्रा साबूत. ही प्लेट ना कबाडी घेतो, ना तिचं खत होतं.

मग पळसाची पत्रावळ? विदर्भात पळसाला तोटा नाही, मोहाच्या पानांचे द्रोणही भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडून येतात. पण नागपूरकर गाण्याच्या कार्यक्रमात तर्री पोहे खाणार, आणि तर्री म्हणजे वर बोटभर तेल तरंगणारा रस्सा. काड्यांनी टाचलेल्या पानांच्या फटीतून ती मनगटापर्यंत येते. लोक मग दोन-दोन पत्रावळी घेतात, वर कागदी नॅपकिनांचा ढीग. म्हणून माझा नियम असा: तर्री असेल तिथे स्टील, सुकं असेल तिथे पान. पाटोडी, कोथिंबिरीची सांबारवडी, भजी, वडा पानावर. तर्री पोहे, वडाभात, रस्सा स्टीलच्या खोलगट ताटलीत.

स्टीलची भांडी बिछायत केंद्राकडेच भाड्याने मिळतात. दोन हजार लोकांना दोन हजार ताटल्या लागत नाहीत. धुणारी माणसं असतील तर पाच-सहाशेंची फिरती पुरते. धुण्यासाठी तीन टपं: पहिल्यात गरम पाणी आणि साबण, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात पुन्हा कढत. त्याआधी तेलकट ताटली रद्दी कागदाने पुसून घ्यायची, नाहीतर दहा मिनिटांत पहिलं टप लाल. धुणाऱ्यांना मजुरी ठरवून द्या, ते काम स्वयंसेवकांवर ढकलू नका. आठ वाजता सगळे स्टेजसमोर पळालेले असतात.

भांडी परत यावीत म्हणून ताटलीमागे २० रुपये डिपॉझिट. सगळे यूपीआयने पैसे देतात, परत करताना रांग लागते, म्हणून डिपॉझिटच्या बदल्यात टोकन द्या. ताटली दिली की त्याच टोकनवर पुढचा चहा किंवा संत्र्याचा रस. उरलंच तर रोख.

पाण्याचं त्याहून सोपं. माणशी दोन ग्लास धरले तरी चार हजार ग्लास. त्याऐवजी २० लिटरचे जार, नळाचे पिंप, साखळी नसलेले स्टीलचे पेले आणि बाटली भरायची तोटी. इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवाने २०१९ मध्ये एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटल्यांची विक्री बंद केली, तिथे लाखांहून जास्त माणसं असतात. आपल्याला दोन हजारांचं जमेल. गेटवरच्या सिक्युरिटीला आधीच सांगून ठेवा की घरून आणलेली बाटली अडवायची नाही. आणि स्टेजवरच्या पाहुण्यांपुढे तांब्या-भांडं ठेवा, छोट्या बाटल्यांची आरास नको. फोटोत तेच सगळ्यात आधी दिसतं.

मेनूबद्दल एवढंच: मटणाचा कार्बनभार डाळ-भाजीच्या कैक पट असतो. पण सावजीच्या शहरात मटण बंद करा म्हणणारा मी कोण? झुणका-भाकरीचा स्टॉल गेटजवळ आणि सावजीचा शेवटच्या टोकाला ठेवा, गर्दी थोडी तरी वाटली जाते.

केटररच्या ऑर्डरवर हे शब्दशः लिहा आणि सही घ्या: "प्लॅस्टिकचा थर असलेली प्लेट, द्रोण, ग्लास स्टॉलवर आढळल्यास माल उचलला जाईल आणि अनामत रकमेतून कपात होईल. सॉस, चटणी, साखर पुड्यांत न देता बरणीतून दिली जाईल. स्टॉलचा ओला आणि सुका कचरा वेगळा करूनच जागा सोडायची." अनामत घेतली नाही तर या तीन ओळींना काही अर्थ नाही.

आठवी पायरी : कचरा

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी एक गोष्ट घालून दिली: शंभरांहून जास्त माणसं जमणार असतील तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं, आणि कचरा वेगळा करायची जबाबदारी आयोजकाची. मनपाच्या झोन कार्यालयात जा, गाडी कधी येणार ते लिहून घ्या. रात्रीच उचल झाली नाही तर पहाटे कुत्री आणि गाई पिशव्या फाडतात. मनपाच्या उपद्रव शोध पथकाकडून दंडाची पावती फाडून घ्यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

डबे कमी ठेवा, पण जोडीने, आणि प्रत्येक जोडीपाशी एक माणूस. नुसत्या "ओला", "सुका" पाट्या कुणी वाचत नाही. झाकणावर खरी वस्तूच टांगा: एकावर पत्रावळ आणि संत्र्याची साल, दुसऱ्यावर बाटली आणि खोका. डब्यांची जागा स्टॉलसमोर आणि बाहेर पडायच्या वाटेवर. सुक्याला पारदर्शक पिशवी लावा, आत काय गेलंय ते दिसतं.

कबाडी काय घेतो ते आधी विचारून घ्या. पुठ्ठा, बाटल्या, डबे घेईल. वेफरची पाकिटं घेणार नाही. म्हणून वेफर विकणारा स्टॉलच नको. कचरा वेचणाऱ्या बायांना बोलावलं तर हातमोजे, जेवण आणि त्या रात्रीची मजुरी द्या, शिवाय विकता येण्याजोगा माल त्यांचाच.

ओल्यासाठी आधीच जागा ठरवा: एखाद्या कॉलनीचा खतखड्डा, नर्सरी, गोशाळा. संत्र्याच्या मोसमात रसाच्या स्टॉलवरून पोतीच्या पोती साली निघतात. त्या एकट्या टाकल्या तर आंबूस होऊन खत अडतं, वाळलेली पानं मिसळावी लागतात. आणि हे सगळं भांडेवाडीच्या कचरा डेपोला गेलं तर? जातंच, आणि तिथेच साठतं. मैदानातून वाऱ्याने उडालेलं नाल्यात, नाल्यातून नाग नदीत, पुढे कन्हान, वैनगंगा आणि गोसीखुर्दच्या पाण्यात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून घरांत पाणी शिरलं तेव्हापासून तुंबलेला नाला म्हणजे काय, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको.

शौचालयं, झाडं, पाखरं

फिरती शौचालयं मागवली तर टाकी कुठे रिकामी होणार, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा पुरवठादार पाहा. बायकांसाठी संख्या पुरुषांपेक्षा जास्त ठेवा, हात धुवायचं पाणी स्वतंत्र.

झाडांना खिळे ठोकायचे नाहीत, फांद्या छाटायच्या नाहीत, खोडाभोवती दिव्यांच्या माळा गुंडाळायच्या नाहीत. फुटाळा, अंबाझरी, गोरेवाड्याच्या काठावर कार्यक्रम करायचा मोह होतो, दृश्य सुंदर असतं. पण गाण्यांच्या मोसमातच तिथे बाहेरगावचे पक्षी उतरलेले असतात. आकाशात फिरणारे बीम आणि लेझर तिथे लावूच नका. त्यापेक्षा तलावापासून दूरचं मैदान घ्या.

शेवटची पायरी : दुसऱ्या दिवशी सकाळी

कार्यक्रम संपल्यावर रात्री फक्त मोठा कचरा उचलला जातो. सकाळी उजेडात दहा-बारा जणांनी हाताच्या अंतरावर ओळीत उभं राहून मैदान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. बांधायची तार, खिळे, टाचण्या, केबल टाय, बाटलीची बुचं या गोष्टी झाडूने निघत नाहीत. दोरीला बांधलेलं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक स्टेजच्या जागेवरून फिरवलं की मूठभर खिळे निघतात. त्या मैदानावर उद्या पोरं अनवाणी खेळणार असतात.

मग पाच आकडे वहीत लिहा: किती लिटर डिझेल गेलं, किती युनिट वीज, किती कार आणि किती दुचाक्या लागल्या, ओला आणि सुका कचरा किती किलो, किती ताटल्या परत आल्या नाहीत. कचरा तोलायला साधा ताणकाटा पुरतो, पण गाडीत टाकण्याआधी तोला. जनरेटरवाल्याकडून डिझेलचा आकडा त्याच दिवशी घ्या, आठवड्याने विचारलं तर तो अंदाजे सांगेल. वहीची पानं फोटो काढून सगळ्यांच्या ग्रुपवर टाका, आणि पुढच्या वर्षी जनरेटरवाला पुन्हा एकशे पंचवीसचा टाकायला निघाला की तेच पान त्याच्यापुढे धरा.